न छापलेली ओळ

परवा आमच्या डोंबिवलीच्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला एक माणूस आला. गळ्यात टाय, हातात दोन काचेचे पेले. आमच्याच नळाचं पाणी त्याने पेल्यात घेतलं, खिशातल्या बाटलीतून दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळंधमक झालं. मुलगी घाबरली. "आई, हे पितो आपण?" तो माणूस गेल्यावर मी एवढंच म्हटलं, "थेंब त्याच्याच बाटलीतले होते."

मुलगी हसली. "तुझा ना कशावरच विश्वास नाही. पेपर वाचून दाखवलास तरी शेवटी म्हणणार, असं छापलंय. टीव्हीवरची बाई बातमी सांगते, तर म्हणणार, असं म्हणते ती. अगं, म्हणते म्हणजे? झालेलंच असतं ना ते!"

तिला वाटतं, आई हुशार आहे, फसत नाही. तसं नाही. मी एकदा इतरांना फसवलेलं आहे. ते किती सोपं असतं ते मी स्वतः पाहिलंय. मुलीला हे सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही ठाण्याला माजिवड्याच्या अलीकडे एका बैठ्या चाळीत राहायचो. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. हे सायकलने वागळे इस्टेटला जायचे, पत्र्याचे डबे बनवायच्या कंपनीत. आमच्या ओळीतली सगळी घरं घाटावरची नाहीतर खानदेशातली. पुरुष कामावर गेले की दुपारी आम्ही बायका ओट्यावर बसून कंपनीचं काम करायचो. प्लास्टिकच्या बुचांची पोती यायची, साच्यातून निघालेल्या बुचांना कडेला जी फाजील कड असते ती ब्लेडने कापायची.

मी चौथीपर्यंत शिकलेली. ओट्यावर तेवढं वाचणारी मी एकटीच. हे कंपनीच्या वॉचमनकडून आदल्या दिवशीचा पेपर घेऊन यायचे. तो मी दुपारी मोठ्याने वाचायचे आणि माझ्या वाटणीची बुचं बाकीच्या बायका कापून द्यायच्या. असा आमचा ठराव कुणी केला नव्हता, आपोआप झाला होता. म्हणजे वाचणं हे माझं काम होतं आणि त्याची मजुरी मला मिळत होती.

मी फार बुजरी होते, अजूनही आहे. चार बायकांत स्वतःचं काही बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा. कुणी विचारलं, "वहिनी, भाजी काय केलीस?" तरी मी हळूच "वांगं" म्हणून मान खाली घालायचे. पण पेपर हातात आला की आवाज खणखणीत निघायचा. शब्द दुसऱ्याचे असले की मला भीती वाटत नसे. बायका चेष्टा करायच्या. शेजारची ताई म्हणायची, "हिच्या नवऱ्याला सांगा, बायको बोलत नसेल तर तिच्या हातात पेपर द्या."

ही ताई माझ्या भिंतीला भिंत लागून राहायची. भुसावळकडची, बौद्ध घरातली. बुद्धपौर्णिमेला खिरीचं भांडं पहिलं आमच्याकडे यायचं. मोठ्याने हसणारी, मोठ्याने भांडणारी, आणि मनात काही न ठेवणारी. तिची धाकटी मुलगी माझ्या मुलीच्या मागे मागे असायची.

मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं वाचायचे. बातमी, जाहिरात, निधन, सोन्याचा भाव, सगळं एकाच सुरात. मला तरी कुठे फरक कळत होता? शाई एकच, अक्षर एकच. 'आता पूर्वीपेक्षा अधिक शुभ्र' असं साबणाच्या पावडरीचं वाचलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या ओळीत तोच पुडा यायचा. मग पूर्वीच्या पुड्याने काय कपडे मळायचे, असं कुणी विचारलं नाही. कांदा महागणार म्हणून वाचलं की संध्याकाळीच दुकानदार भाव चढवायचा. दोन दिवसांनी पेपर म्हणायचा, कांदा महागला. आम्ही म्हणायचो, बघा, पेपरात आलंच होतं.

बाळकुमहून एक कोळीण मावशी पाटी घेऊन यायची. उंच, काळी, कासोटा घट्ट, वय झालेलं तरी चाल ताठ. लांबूनच ओरडायची, "खाडीचं ताजं म्हावरंऽ, घ्या गो!" पाटी पहिली माझ्या दारात उतरायची. मी घासाघीस करत नसे, सांगेल तो भाव द्यायचे, म्हणून तिने माझ्याकडे भवानी करायची रीत पाडली होती. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक नाही म्हणालं तर दिवस बुडतो, असं ती मानायची. "तुझ्या हाताला बरकत हाय गो बाय," म्हणायची. "पन तोंडाला कुलूप हाय." मग स्वतःच खदाखदा हसायची आणि वाट्यावर आणखी दोन मासे टाकायची.

आम्हाला मासळीतलं काय कळणार! घाटावर सुकट तेवढी माहीत. मावशी सांगेल ते नाव, सांगेल ती चव. खाडी जवळ होती, वास यायचा, ती खाडीच्या गावची होती, म्हणजे मासळी खाडीची. ओळीत सगळ्या घरी आठवड्यातून एकदोनदा तिचीच मासळी शिजायची.

एक दिवस पेपरात आलं की खाडीत मेलेले मासे तरंगत वर आले. कारखान्यांचं रसायन पाण्यात मिसळत असल्याची तक्रार आहे, नागरिकांनी खाडीतील मासळी खाताना काळजी घ्यावी. लहानशी बातमी होती, आतल्या पानावर, एका गाद्यांच्या जाहिरातीच्या खाली. मी ती इतर बातम्यांसारखीच वाचली. पण ओट्यावरची ब्लेडं थांबली.

"परत वाच गं."

मी परत वाचली.

"रसायन म्हणजे विषच की!" ताई म्हणाली. "अगं बाई, परवाच पोरीला तळून घातली मी."

"काळजी घ्यावी म्हणजे काय करावं, ते नाही का लिहिलं?" एकीने विचारलं.

मी बोट फिरवून पाहिलं. नव्हतं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. सगळ्या ओळीची दारं लोटलेली. माझं उघडं होतं, कारण मी कोळसे वाळत घालत होते आणि मला आत पळायला सुचलं नाही. तिने पाटी उतरवली, वरचं फडकं बाजूला केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी नुसती मान हलवली. भवानीला नाही म्हणायची माझी पहिलीच वेळ. पाटी परत उचलायला तिला कुणाचा तरी हात लागायचा, तो मी दिला. तेवढंच.

असं बरेच दिवस चाललं. ती यायची, ओरडायची, ओट्याच्या पायरीवर टेकायची. उन्हं चढली की मासळीवर माशा घोंघावायच्या. शेवटी एकदा ती बोललीच, "काय गो, तूच वाचलंस ना? तुझ्या तोंडाने खाडीतलं म्हावरं मेलं ते मेलं, माझी पाटी पन मेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी नाही मावशी, पेपरात होतं."

"मंग पेपराला इचार, आता कसं हाय म्हून. रोज वाचतंस ना? काय आयलं असंल तर सांग मना."

मी रोज शोधायचे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. खाडीचं पुढे काय झालं, ते रसायन बंद झालं का, कुणी मासे तपासले का, एक अक्षर नाही. पेपरला एकदा ओरडायचं ठाऊक असतं, मागे वळून सांगायची सवय नसते, हे मला तेव्हा कळलं. मावशी रोज दुपारी विचारायची, "आयलं काय?" मी म्हणायचे, "नाही मावशी." माझ्या नाहीने तिचा चेहरा उतरायचा ते बघवत नसे. तिच्या घरी विधवा सून आणि नात होती. घर या पाटीवर चालत होतं, हे सगळ्या ओळीला माहीत होतं. दुसऱ्या चाळीत का जात नाहीस, असं ताईने एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "तिथं पन कोन वाचनारी असंलच की."

मग ती दुपार आली. पेपरात मासळीचं काहीच नव्हतं. मी पाण्याच्या पाइपाची दुरुस्ती होणार असल्याची बातमी वाचत होते. मावशी पायरीवर, पाटी बाजूला, पदराने माशा हाकलत. बातमी संपली, आणि माझा आवाज थांबलाच नाही. त्याच सुरात, तशाच खणखणीत आवाजात मी पुढे म्हणाले, "खाडीतील मासळीची तपासणी करण्यात आली असून ती खाण्यास योग्य असल्याचे सांगण्यात आले आहे."

कसं सुचलं, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत पेपराची भाषा तोंडात बसली होती. कुणी तपासली, कुणी सांगितलं, ते पेपर कधी सांगत नसे, तेव्हा मीही सांगितलं नाही.

"काय, काय? परत वाच!" ताई ओरडली.

मला वाटलं, आता हसून म्हणावं, गंमत केली. पण स्वतःचं बोलायचं तर घसा कोरडा. मी पेपराकडे बघितलं आणि तीच ओळ, तशीच, पुन्हा म्हटली. शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"बघा! मी म्हणत नव्हते?" एकजण म्हणाली. ती असलं काही म्हणत नव्हती.

"मावशे, उतरव पाटी," ताई म्हणाली. "पण आधीचा भाव लावायचा नाही हां. इतके दिवस आम्हाला उपाशी ठेवलंस."

"मी ठेवलं? अगो भवाने, दार तू लावलंस ना माझ्या तोंडावर!"

दोघी हसल्या. सगळ्यांनी घेतली. पाटी तळापर्यंत रिकामी झाली. त्या संध्याकाळी सगळ्या ओळीत तळणाचा वास सुटला होता. मीही घेतली होती. शिजवली, यांना वाढली. मुलीला ताट वाढताना मात्र माझा हात थांबला. तिला मी आमटी-भात दिला. "मला का नाही?" म्हणून ती रडली. मी म्हटलं, काटे लागतील.

त्या काट्यांचं मला आजही सगळ्यात जास्त लागतं. माझ्या मुलीला मी ठेवलं बाजूला. बाकीच्यांच्या मुलांनी खाल्लं ते माझ्या ओळीवर विसंबून.

तिसऱ्या दिवशी ताईच्या धाकटीला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. पोर कापसासारखी झाली. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. मी ताईबरोबर बाकावर बसले होते. ताई स्वतःशीच हिशेब लावत होती. "काय खाल्लं असेल गं हिने? घरचंच खाल्लं. मासळी खाल्ली होती, पण ती तर पेपरात चांगली आली होती. ते नाही." मग एकदम तिने मांडीवर हात मारला. "गोळा! बर्फाचा गोळा खाल्ला हिने काल. तो मेला रंगवाला! कुठलं पाणी, कुठला बर्फ!"

मी तिच्याकडे बघितलं. सांगायला हीच वेळ होती. तोंडात शब्द गोळा झाले आणि तिथेच विरघळले.

गोळेवाला म्हातारा होता, भय्या, हातगाडीला लाल हिरव्या बाटल्या आणि एक घंटी. दुसऱ्या दिवशी तो चाळीच्या तोंडाशी आला तेव्हा ताईने त्याला असा धरला की त्याच्या दोन बाटल्या फुटल्या. बाकीच्या बायकाही धावल्या. "बच्चे को मारेगा क्या? चल, निकल!" तो हात जोडून म्हणत होता, "बहनजी, मेरी नातिन भी यही खाती है." त्याचं कुणी ऐकलं नाही. मी दारात उभी होते. एका ओळीने मी मासळी सोडवली होती, आणि त्याच ओळीने हा माणूस अडकला होता. लोकांना दोषी कुणीतरी लागतोच. मासळीला मी बाहेर काढलं, मग दुसरा शोधावा लागला.

सकाळी मावशी आली तेव्हा मी तिला आत बोलावलं. दार लोटलं. म्हटलं, "मावशी, ते पेपरात नव्हतं."

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"वाचताना तुझं बोट ओळीवरनं चालतं. ती ओळ बोललीस तवा बोट उभं व्हतं."

मी खाली बसले. म्हटलं, "ताईच्या पोरीला बरं नाही. मासळीनेच झालं असेल तर? खाडीच्या विषाने?"

मावशीने पाटीवरचं फडकं सारखं केलं. मग हळू म्हणाली, "खाडीन काय उरलंय गो आता? कवाचं बंद झालंय. पहाटे मुंबईच्या बंदरावरनं आनते मी, बर्फातलं. बांगडा खातंस ना माझ्याकडचा? बांगडा काय खाडीन गावतो?"

मला काही कळेना. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? खाडीचं नाही म्हणाली असतीस तर कुणी घ्यायचं सोडलं नसतं."

"आनि इतकी वर्सं खाडीचं ताजं खाडीचं ताजं ओरडत व्हते, त्याचं काय? बर्फातलं घ्यायचं तर ठेसनजवळच्या बाजारात जाल तुमी. माझ्याकडं कशाला याल?" ती उठली. दारात थांबून म्हणाली, "त्या दिवशीचं मी बी खाल्लंय. नातीला बी घातलंय. काय नाय झालं."

म्हणजे बातमी खरी असली तरी ती तिच्या पाटीची नव्हती, आणि मी खोटी ओळ घातली नसती, खरं तेच कुणी बोललं असतं, तरी तिची मासळी विकली गेली असती. पोर मग कशाने आजारी पडली? बर्फातल्या शिळ्या मासळीने? गोळ्याने? पाण्याच्या पाइपाने? त्या दिवसांत दुरुस्तीसाठी पाइप उघडाच होता. मला आजवर कळलेलं नाही.

पोर बरी होऊन घरी आली. ताई तिला पेज भरवत होती. मी जाऊन शेजारी बसले आणि या वेळी बोललेच. आवाज इतका बारीक निघाला की तिने कान पुढे केला.

"ताई, मासळीची ती ओळ पेपरात नव्हती. मीच म्हटली. गोळेवाल्याने काही केलं नसेल."

ताईने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि फिसकन हसली. "काहीतरीच! मी ऐकलं ना, दोनदा वाचलंस तू."

"नव्हती. खरंच नव्हती."

"अगं वहिनी, तपासणी करण्यात आली असून... असं तू बोलशील? भाजी काय केली विचारलं तर तुला दोन शब्द जुळत नाहीत!" तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मायेने. "पोरीचं बघून जीव घाबरलाय तुझा. स्वतःला लावून नको घेऊस. त्या भय्यानेच केलंय सगळं."

तो पेपर दाखवावा म्हणून मी घरी येऊन शोधला. तो केव्हाच चुलीत गेला होता. आणि दाखवला असता तरी वाचून कोण बघणार होतं? मीच वाचणार, आणि मीच म्हणणार की नाही.

मग मला एकच सुचलं. गोळेवाला आता चाळीकडे येत नसे, शाळेच्या कोपऱ्यावर उभा राहायचा. भर दुपारी मी तिथे गेले. आयुष्यात कधी रस्त्यावर उभी राहून काही खाल्लं नव्हतं. तो मला बघून गाडी वळवायलाच लागला, त्याला वाटलं भांडायला आले. मी बोटाने दाखवलं, लाल. त्याने गोळा केला, काडीवर दाबला, रंग ओतला. मी तो हातात धरून चाळीपर्यंत चालत आले. मनगटावरून रंग ओघळून बांगड्यांत शिरत होता.

ओट्यावर सगळ्या होत्या. मी पोत्याशेजारी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर गोळा चोखायला लागले. दात शिवशिवत होते.

"अगं, हिला काय झालं?"

"वहिनी, लहान झालीस काय? ओठ बघ तुझे!"

"मरशील गं, टाक तो!"

सगळ्या हसत होत्या. माझे कान तापले होते, पण मी हलले नाही. ताईची धाकटी दारातून माझ्याकडे, गोळ्याकडे टक लावून बघत होती. ताई उठली आणि तिने तिला आत ओढून घेतलं. "बघायचं नाही तिकडे. काकूला सोसतं, आपल्याला नाही."

गोळा संपेपर्यंत मी तिथेच उभी होते. नंतरचे कितीतरी दिवस मी कान देऊन ऐकायचे, पण गोळेवाल्याची घंटी आमच्या चाळीत परत वाजली नाही.